दाराशी लाकडं

"बंबवाले, घर पेटवून द्यायचा विचार आहे का?" कुंपणापलीकडून शिंप्याने विचारलं.

बंबवाले चालतच राहिले. दोन्ही हातांत लाकडं घेऊन ते चक्क घराच्या दाराकडे निघाले होते, तेव्हा शिंप्याला थट्टा सुचणं साहजिकच होतं. लाकडं भिंतीला टेकवू नका, जमिनीवर रचू नका, वाळवी लागते, एक ठिणगी पडली तर घर गेलंच म्हणून समजा, असं सांगून सांगून याच माणसाने सगळ्या गल्लीचे कान किटवले होते. नोकरीभर त्यांनी आगीचा बंब चालवला. भिंतीलगत रचलेल्या लाकडांपायी एक अख्खं घर जळालेलं त्यांनी पाहिलं होतं. आतून कुणाला बाहेर काढावं लागलं, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

त्यांची स्वतःची लाकडं अंगणाच्या पार टोकाला असायची. खाली फळ्या, वर पत्रा, बाजू मोकळ्या. घरात शेगडीपासून हातभर लांब एकच टोपली, एका संध्याकाळपुरती. हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. टोपली भरून आणायचं काम मात्र बायकोचं. आधी ते ड्यूटीवर असायचे म्हणून ती आणायची, आणि ड्यूटी कायमची संपली तरी तीच आणत राहिली.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर, दाराशी थोडी लाकडं ठेवू द्या म्हणून तिने विनवून पाहिलं, रुसून पाहिलं. शेवटी एकदा म्हणाली, "तुमची लाकडं कोरडी राहतात हो. मी भिजते त्याचं काय?" बंबवाल्यांना हे इतकं आवडलं की पत्त्यांच्या अड्ड्यावर त्यांनी ते सगळ्यांना हसत हसत ऐकवलं.

मागच्या हिवाळ्यात असेच ते पत्ते खेळून परतले, तर घर गारठलेलं आणि शेगडी विझलेली. बायको अंगणात पडली होती. गोठलेल्या दवावरून तिचा पाय घसरला होता आणि लाकडं इकडेतिकडे पसरली होती. हाका मारून मारून तिचा घसा बसला होता. परक्यांच्या हाकेला जन्मभर धावून गेलेल्या माणसाला घरातली हाक तेवढी ऐकू आली नव्हती. खुब्याचं हाड जुळलं, पण लेक आईला आपल्याकडे घेऊन गेली. तिच्याकडे भिंतीतल्या नळ्यांमधून ऊब येते, लाकडाला हात लावावा लागत नाही.

आता पुन्हा थंडी तोंडावर आली होती. आईला घेऊन येते, असं लेकीने फोनवर सांगितलं. किती दिवसांसाठी, हे विचारायचा बंबवाल्यांना धीर झाला नाही. त्यांनी सरळ कामाला सुरुवात केली. दाराबाहेर दगडी ओटा घातला, त्यावर जाड पत्र्याची झाकणाची पेटी बसवली आणि ती काठोकाठ भरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला होता.

दुपारी ती आली. काठी टेकत दारापर्यंत पोचली आणि पेटीपाशी थांबली. झाकण उघडून तिने दोन लाकडं उचलली, एकमेकांवर वाजवली. लग्नानंतर ही परीक्षा त्यांनीच तिला शिकवली होती.

"खणखणीत वाजताहेत. चांगली वाळलीत," ती म्हणाली.

"उंची बघ, तुला वाकायला नको. झाकणही हलकं केलंय."

लेकीने मान दुसरीकडे वळवली.

"अहो, मी लोकरीचे कपडे न्यायला आलेय," बायको हळूच म्हणाली.

बंबवाल्यांनी झाकण पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. "चुकलं माझं. लाकडं आधीच दाराशी ठेवायला हवी होती," ते कसंबसं म्हणाले.

"दाराशी नसती ठेवली तरी चाललं असतं. तुमचं म्हणणं काही खोटं नव्हतं." तिने दोन्ही लाकडं जागच्या जागी ठेवली. "एखाद्या दिवशी टोपली तुम्ही उचलायला हवी होती. बास."

यात राग असता तर त्यांना सोसला असता. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली आणि कपाटाकडे गेली. कपड्यांचं गाठोडं त्यांनीच गाडीत नेऊन ठेवलं. जाताना तिने, पायमोजे घालत जा, एवढं बजावलं.

अंधार पडायला लागला तशी घरात थंडी शिरली. बंबवाल्यांनी रिकामी टोपली उचलली आणि ते दाराबाहेर आले. पेटी हाताशी होती, भरलेली. तिच्याकडे न बघता ते पायऱ्या उतरून अंगणाच्या टोकाकडे चालू लागले.

शिंपी खिडकी लावून घेत होता. त्याने पाहिलं, पण या खेपेला तो काही बोलला नाही. भरलेली टोपली कमरेवर घेऊन बंबवाले एकेक पाऊल जपून टाकत परत येत होते. अर्ध्या वाटेवर, ती पडली होती तिथे, ते थांबले. टोपली चांगलीच जड होती.