नुसत्या अल्कोहोलचे खाने

पत्र्याच्या डब्यात चाळीस पुड्या होत्या. रिदानं त्या दोनदा मोजल्या, मग एकेक काट्यावर ठेवली. प्रत्येकीत पंधरा ग्रॅम वाळका पाला, अर्धा ग्रॅम इकडेतिकडे. पाला चीनमधल्या, तुळशीच्या कुळातल्या एका औषधी रोपाचा. शहजादनं तो शारजाच्या एका चिनी दुकानातून आईसाठी पाठवला होता.

त्याची आई हाजरा, म्हणजे रिदाची खाला, मावशी. रिदाची आई गेल्यापासून पनवेलच्या त्या दोन खोल्यांत या दोघीच. खालाच्या डाव्या स्तनात ३.१ सेंटिमीटरची गाठ होती. केमोचे दोन डोस झाले होते. केस गेले होते, जिभेची चवही गेली होती.

“आदी तू तपास,” खाला म्हणाली. “तू हो म्हणलीस तर पिते. नाय तर मुबीनाच्या बकरीला घालते.”

रिदा दोन पुड्या घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. एमएस्सी झाल्यापासून ती तिथंच दमयंती मॅडमच्या हाताखाली काम करत होती. तिनं पाला अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा खान्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढत होत्या. मॅडमच्या प्रयोगातून उरलेल्या काही खान्यांत तिनं अर्क सोडला, काही तसेच ठेवले. दोन दिवसांनी पिवळा रंग टाकला. जिवंत पेशी तो जांभळा करतात. सगळ्यात जास्त अर्काच्या सहा खान्यांत जांभळा निम्माच उतरला होता. यंत्रानं आकडा दिला : ४८ टक्के जिवंत.

तिला राहवलं नाही. चपला काढायच्या आधीच ती दारातून म्हणाली, “खाला, निम्म्याहून जास्त मेल्या!”

“मग काढ डबा.”

“अगं, ताटलीत मेल्या. तुझ्या अंगात नाही.”

“ताटलीत मरतात, त्या माझ्याकडं काय दावत खायला थांबतील?”

रिदा हसली. तेव्हा हसायला नको होतं, हे तिला पुढं रोज आठवत राहिलं.

खाला रोज एक पुडी उकळून प्यायला लागली. केमोची तारीख आली. “हे संपू दे आदी,” ती म्हणाली. शेजारच्या मुबीनाला ऐटीत सांगायची, “आमच्या पोरीनं मोजून बगितलंय.” रिदा म्हणायची, “डोस चुकवू नकोस गं,” पण त्या म्हणण्यात जोर नसायचा. तो आकडा तिच्याही मनात ठाण मांडून बसला होता. पुढची तारीखही टळली.

पाला सुरू केल्याच्या चौतिसाव्या दिवशी मॅडमनी तिची वही चाळली.

“अर्क कशात काढलास?”

“अल्कोहोलमध्ये.”

“मग नुसतं अल्कोहोल घातलेले खाने कुठायत?”

रिदानं पान उलटलं, पुन्हा मागं आली. ते नव्हतेच.

“पाल्यानं मारलं की अल्कोहोलनं, हे तुला कसं कळलं?” मॅडम चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं नवी ताटली लावली. सहा खाने अर्काचे, सहा तेवढ्याच अल्कोहोलचे, सहा कशाचेच नाहीत. चार दिवसांनी वहीत लिहिलं : अर्क ४८ टक्के जिवंत, नुसतं अल्कोहोल ४७.

ती रिक्षा करून घरी आली. ओट्यावर पातेलं धुऊन उपडं घातलेलं होतं. डबा रिकामा होता.

“खाला, चूक झाली माझी. त्या अल्कोहोलनं मेल्या होत्या. पाल्यानं काहीच केलं नव्हतं.”

खाला बराच वेळ रिकाम्या डब्याचं झाकण लावत बसली. ते नीट बसत नव्हतं.

“म्हंजे त्या दारू पिऊन मेल्या,” ती शेवटी म्हणाली, “आनि मी पाला पीत बसले.” मग उठून तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. “फाईल कुटं हाय? उद्या चल माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत रिदा खालाचा हात धरून उभी होती. डॉक्टरांनी पडद्यावर गाठीच्या दोन टोकांना दोन खुणा लावल्या. मधली रेघ उमटली आणि खाली आकडा आला.

डावा स्तन, ४.४ सेंटिमीटर.