पुलाचं उघडं टोक

पूल झाला, रस्ता राहिला. पूल एका कार्यालयाचा, पलीकडचा भराव दुसऱ्याचा, आणि नदीचा तो काठ शेजारच्या जिल्ह्यात. तिघे एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि पूल काठाच्या अलीकडेच हवेत संपला. गावातले लोक टोकाला लावलेल्या शिडीने काठावर उतरायचे. परक्या गाडीवाल्याला मात्र धुक्यात काही दिसायचं नाही.

टोकाला निदान अडसर तरी घाला, म्हणून मी पुलाच्या कार्यालयात किती हेलपाटे घातले. साहेब म्हणाले, "बाई, पूल पूर्ण झाल्याचं आम्ही वर कळवलंय. पूर्ण झालेला पूल बंद कसा करणार?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग अडसर म्हणजे आमचे हे. पुलाचे रखवालदार. धुकं पडलं की टोकाशी उभे राहून लांब शिट्टी मारायचे. घरी चहा हवा असला की तीच शिट्टी मागच्या दारातून, फक्त आखूड. "मी काय ट्रक आहे?" म्हणून मी करवादायचे.

एका पहाटे ट्रक अडवायला धावले. ट्रक थांबला, ह्यांचा पाय टोकावरून निसटला. बातमी घेऊन ड्रायव्हरच आला आणि दारात बसून पोरासारखा रडला. कार्यालयाने रखवालदाराचं पद रद्द केलं.

त्यानंतरच्या पहिल्याच धुक्यात पुलावरून शिट्टी आली. लांब. मी अंथरुणातच ताठ झाले. मग प्रत्येक धुक्यात तेच. भीती नाही वाटायची, जिवाची तगमग व्हायची. मेल्यावरसुद्धा ह्यांची सुट्टी होत नव्हती. मी पुन्हा हेलपाटे सुरू केले. भराव टाका, असं तोंडाने म्हणायचे; ह्यांना मोकळं करा, असं मनात.

शेवटी नवे साहेब पाहणीला आले, आणि नेमकं धुकं. मी सोबत होते. पूल अगदी व्यवस्थित आहे, असं ते चालता चालता फोनवर कुणाला तरी सांगत होते. शिट्टी वाजली तसे जागीच थबकले. बुटाच्या पुढे नुसती पोकळी, खाली पाणी.

"कोण आहे तिकडे?"

"तुमचा रखवालदार," मी म्हणाले. "पद रद्द झाल्याचं त्याला कुणी कळवलं नसेल."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

वर्षानुवर्षं न हललेली फाइल मग तिन्ही ठिकाणी सरसर फिरली. नवऱ्याच्या मरणाने जे झालं नाही, ते साहेबांच्या घाबरण्याने झालं. हा राग मला अजून गिळता येत नाही. भराव पडला, रोलर फिरला, रस्ता पुलाला भिडला.

पुन्हा धुकं आलं तेव्हा मी पहाटेपासून कान लावून बसले. गाड्या सरळ निघून जात होत्या. पूल गप्प. हेच तर मागितलं होतं, पण आता ह्यांचं म्हणून काहीच ऐकू येणार नव्हतं.

तोंड धुवायला उठले, तोच मागच्या दाराशी शिट्टी वाजली. आखूड.

ट्रकबिक काही बोलले नाही. चहाचं आधण ठेवलं.