हँडलाची भाकर

दोस्ता, हातातलं काम ठेव अन् पहिले माझं ऐक. मी ज्वारीची भाकर बोलून राहिली. हो, भाकर. काल सकाळी जन्मली, अन् आत्ता पातूरच्या चक्कीचं इंजन मी चालू केलं. हसू नको, सांगते.

हे इंजन इतकं जुनं की ते फिरवायचं हँडल आता बाजारात भेटतच नाही. अन् चक्की चालवणाऱ्या देवमनच्या हातून नेमकं तेच विहिरीत पडलं. मालक पंजाबरावांनी आठ दिवस वाट पाहिली, मग म्हणाले, "सोमवारपर्यंत इंजन बोललं नाई तं ते भंगारात. अन् तू घरी."

तसंच इंजन अचलपुरात दुर्गाबाईंच्या चक्कीत होतं. देवमन एसटीनं तिथं हँडल मागायले गेला. बाई भाकरी थापत होत्या.

"हँडल पाह्य, हात लाव," त्या म्हणाल्या. "पन घराबाहेर नाई जाणार. मागं एकानं खलबत्ता नेला, थो अजून आनूनच राहिला."

"मावशी, मंग अकोल्याच्या लोहाराकडे याच्या तोंडाचं माप कसं नेऊ? आत खाचा हायेत, कागदावर येत नाईत."

दुर्गाबाईंनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. तो गोळा म्हणजे मी. अन् खुपकन हँडलाचं तोंड माझ्या पोटात. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाले बोलू.

"कच्चा गोळा एसटीत दबून जाईन. भाजून देते," बाई म्हणाल्या. तव्यावर मी फुगायले लागली की त्या फडक्यानं दाबायच्या. "फुगू नोको माय, माप बिघडते." जन्मभर भाकरी फुगवणारी बाई ती, तिचा जीव किती तळमळला असेल.

अकोल्याच्या बसमध्ये देवमन घडीघडी फडकं सोडून मले पाहायचा. शेजारी सुंदराबाई नावाची भाजीवाली होती.

"काऊन गा, नुसतं पाहूनच राहिला? खाय ना."

"हे खायची नाई मावशी. इंजनाची हाय."

"इंजन भाकर खाते?"

"खात नाई. हिच्यानं चालू होते."

"भुकेनं डोकं फिरलं बिचाऱ्याचं," ती म्हणाली, अन् आपल्या डब्यातला ठेचा उचलून थेट माझ्या खाचांत भरला. "आता खाय बाप्पा."

देवमननं बाभळीच्या काट्यानं सारा ठेचा कोरला. फेकायचा कसा, म्हणून चाटत गेला. डोळ्यांतून धारा. पुढच्या सीटवरचा बुवा वळला. "रडू नोको भाऊ. कोन गेलं?"

"अजून नाई गेलं," देवमन म्हणाला. "सोमवारी जाणार हाय."

सारी बस चुकचुकली.

अकोल्याचा लोहार दुपारभर लोखंड कानसायचा, माझ्या पोटात घालून पाहायचा, म्हणायचा, "अजून जरासं." शेवटी ते असं बसलं की निघता निघेना. "भाकर कोनं भाजली?" त्यानं विचारलं. "असं माप माह्या पोराले घेता येत नाई."

आज सोमवार. भंगारवाला काटा घेऊन दारातच बसलेला. देवमननं नवं हँडल लावलं, फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजन खोकललं, शिंकलं, अन् भक् भक् सुरू झालं. पहिली टाळी भंगारवाल्यानंच वाजवली. मग त्याले आपला धंदा आठवला.

"मालक, आता खातो हिले," देवमन म्हणाला. "कालपासून नुसत्या ठेच्यावर आहो."

पंजाबरावांनी मले हिसकलं. "खातो काय बे? हँडल तं नक्कल हाय. अस्सल हे हाय. उद्या हँडल पुन्हा विहिरीत गेलं तं?"

"हँडलावरून हँडल करता येते ना, मालक."

"नकलेची नक्कल? तुले अक्कल हाय का? आजपासून भाकर तुह्या जिम्म्यात. भाकर गेली, तं तूही गेला."

"अन् मुंग्या लागल्या तं?"

"हाकल."

आता मी चक्कीच्या वरच्या फळीवर आहे. बरोबर खाली, दाणे टाकतात ते तोंड. इंजन माझ्यामुळं चालू झालं, अन् त्याच्याच हादऱ्यानं मी सरकून राहिली. चार बोटं फळी उरली. पडली तर पीठ होईन, खाली दळण घेऊन बसलेल्या पंचफुलाबाईच्या डब्यात जाईन, संध्याकाळी चार जणांच्या पोटात जाईन. भाकरीच्या जन्माला येऊन अजून काय मागावं?

पण खाली देवमन उपाशी पोटी दाणे ओतून राहिला. मधेच मान वर करून मले पाहतो, अन् हात जोडतो.

तीन बोटं राहिली. दोस्ता, माझ्या जागी तू असता, तं काय केलं असतं?