उरलेलं पेट्रोल

आठवडाभर पंपांवर खडखडाट होता. त्यामुळे भर दुपारी टॅक्सीवाल्याच्या बायकोच्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच्या गाडीत पेट्रोल पार तळाला गेलेलं. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, "आमचीही टाकी कोरडीच आहे हो." हॉस्पिटल टेकड्यांपलीकडे. त्याने बायकोला मागच्या सीटवर आडवं केलं. मुलगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

गल्ली संपायच्या आत त्याने दुसरा गिअर टाकला, मोठ्या रस्त्याला लागताच तिसरा, मग चौथा. इंजिनचा आवाज चढू लागला की लगेच वरचा गिअर. पाचव्यात आल्यावर वेगाचा काटा पन्नासवर धरून ठेवला.

"बाबा, पळवा ना गाडी! आईला दरदरून घाम फुटलाय."

"पळवली तर चढावर बंद पडेल. मग काय, खांद्यावर नेऊ तिला?"

चढ आला तसा तो चौथ्यावर, मग तिसऱ्यावर उतरला. वरच्या गिअरमध्ये गुरगुरत रेटली तर गाडी उलट जास्त पिते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. मुलीला मात्र एवढंच दिसत होतं, की गाडीची गोगलगाय झाली आहे.

उतार लागल्यावर ती म्हणाली, "आता तरी न्यूट्रल टाका! आपोआप धावेल."

"नाही. गिअरमध्येच ॲक्सिलेटर सोडायचा. इंजिन पेट्रोल मागत नाही, आणि गाडी हातात राहते."

"तुम्हाला पेट्रोलचंच पडलंय!"

त्याने पाय ॲक्सिलेटरवरून उचललेलाच ठेवला. मागून बायकोच पुटपुटली, "ओरडू नकोस गं त्यांच्यावर. चालवू दे." त्यानंतर ती बोलली नाही.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं, पण डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. "जरा आधी आणायला हवं होतं." ते कदाचित सगळ्यांनाच असं म्हणत असतील. पण दोघांनीही ते ऐकलं.

पार्किंगमध्ये मुलीने किल्ली फिरवून पेट्रोलचा काटा पाहिला.

"उरलंय. बाबा, जोरात आणली असती तर पुरलं असतं?"

"खोटं बोलू का तुझ्याशी? मला माहीत नाही, पोरी. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय."

तिने तोंड फिरवलं.

तिथेच राहणारा मामा टेम्पो आणि पेट्रोलचा एक कॅन घेऊन आला. आईचा देह टेम्पोतून पुढे निघाला. टॅक्सीवाला स्टिअरिंगवर बसला, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. उभा जन्म गाडीवर काढलेला माणूस, पण आज क्लच जमेना.

मुलगी खाली उतरून त्याच्या दाराशी आली. "सरका."

तो बाजूच्या सीटवर सरकला. तिने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी बरीच लांब ताणली. इंजिन किंचाळत होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. चढावर तिसरा सापडेना, गिअर करकरला. तेव्हा त्याने तिच्या हातावर हात ठेवून दांडा सरकवला.

तिने हात झटकला नाही. बापाकडे पाहिलंही नाही. आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होत राहिलं.