चौदातले आठ

माझे सासरे आयुष्यात दोनच गोष्टींबद्दल फुशारकी मारायचे. एक म्हणजे त्यांनी घातलेली टीप कधी उसवली नाही. दुसरी सांगायला त्यांना कुणी कधी वेळच दिला नाही.

आमचा कारखाना म्हणजे घराचा तळमजला. चार मशिनं, कापड कापायचं लांब टेबल, रेग्झिनचा वास आणि खिडकीशी सासऱ्यांची खुर्ची. आम्ही शाळेची दप्तरं शिवतो, वायरमनच्या हत्यारांच्या पिशव्या शिवतो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सासरे मशिनवर बसत नाहीत, खुर्चीत बसून ऐकतात. टाका सैल पडायला लागला की त्यांना आवाजावरून कळतं, आणि कळलं की ते गप्प बसत नाहीत.

एका मंगळवारी सकाळी चाळिशीचा एक माणूस लंगडत आत आला. सरकारी तिजोऱ्या आणि नोटांच्या गाड्या राखणारं जे सशस्त्र पहारा दल आहे, त्यात तो होता. त्याने टेबलावर एक जुना खाकी पाऊच ठेवला.

"असा नसलेला पाऊच हवाय," तो म्हणाला.

पाऊच मॅगझिनचा होता. मॅगझिन म्हणजे बंदुकीत खालून बसवायची काडतुसांची चपटी पेटी. एक रिकामी झाली की कमरेच्या पाऊचमधून दुसरी काढून बसवायची. हे काम पटकन व्हावं लागतं, असं तो म्हणाला.

"तुम्हाला किती वेळ लागतो?" मी विचारलं. मला वाटलं, सरावाबद्दल बोलणं चाललंय.

"चौदा सेकंद लागले."

"बरेच झाले की."

"हो. समोरच्यालाही तसंच वाटलं असणार." त्याने मांडीवर हात ठेवला. "गोळी इथून गेली. मोजायला मी शुद्धीवर नव्हतो, पण दारावर कॅमेरा होता. तेव्हापासून बराकीत मला चौदा म्हणतात. तुम्हीही म्हणा ताई, आता मी ओ देतो."

साहेबांनी नवा पाऊच करून घ्यायचं काम त्याच्यावरच सोपवलं होतं. पाय धड नसल्यामुळे दुसरं काही सोपवण्यासारखं नव्हतं.

"बघू तो," खिडकीशी बसलेले सासरे म्हणाले. मी पाऊच त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकणाची दोन बटणं चाचपली, वरून येणारा पट्टा चाचपला, मग झाकणाखाली अंगठा घालून कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"कोपऱ्यात तीन उलटे टाके," ते म्हणाले. "हा माझा आहे."

एक मशीन चालू होतं, ते मी बंद केलं.

"बावीस वर्षं झाली," सासरे म्हणाले. "लेखी मागणी आली होती. धावताना, पडताना, पाण्यात उतरताना मॅगझिन हरवता कामा नये. हरवलं की चौकशी लागते म्हणे. म्हणून दोन बटणं आणि वर पट्टा."

"नाही हरवलं काका," चौदा म्हणाला. "मला दवाखान्यात नेलं तेव्हाही आतच होतं."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर द्यायची त्याला सवय होती, एवढंच. पण त्या दिवशी सासरे अर्धीच भाकरी खाऊन उठले. दुपारी माझ्या मशिनचा टाका सैल पडत होता. मला स्वतःला ऐकू येत होता, तरी ते एका शब्दाने बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. नमुन्यासाठी खरं मॅगझिन मिळेना. शस्त्राचा भाग दप्तरं शिवणाऱ्यांकडे ठेवता येत नाही, असं पत्र आलं आणि सोबत मापं आली. मग आमच्या सुताराने लाकडाची सहा मॅगझिनं करून दिली आणि वजन भरावं म्हणून पोटात शिसं ओतलं.

पहिला पाऊच मी उघड्या तोंडाचा केला, तोंडाला इलॅस्टिक लावलं, आत तीन मॅगझिनं घातली आणि कमरेला बांधून जिना चढले-उतरले. तिन्ही मॅगझिनं पडली. एक शेजारच्या अंगणात गेलं. शेजारच्या काकूंनी ते आणून दिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. आमच्याबद्दल त्यांचं काय मत आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दुसरा पाऊच इतका घट्ट झाला की मॅगझिन ओढलं तर पट्टा, पाऊच आणि मी असे तिघेही वर आलो. तिसऱ्यात मॅगझिन छान बसलं, पण एकदा काढलं की तोंड मिटून जाई आणि परत घालताना बोटं चाचपडत राहत. चौदा दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, नवा पाऊच बांधून बघायचा. वाईट कधी म्हणाला नाही. नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"ला मी टेकीला आले.

आठव्या पाऊचच्या वेळी सासरे खुर्चीतून उठले.

"सूनबाई, तू डोळ्यांनी शिवतेयस," ते म्हणाले. "त्याची नजर समोर असणार. खाली बघायला त्याला सवड कुठली? डोळ्याला पट्टी होती तेव्हा मी पंधरा दिवस पाण्याचा पेला शोधत होतो. मला विचार."

त्यांनी पंचा डोळ्यांवर बांधला, कमरेला पट्टा लावला आणि ते मॅगझिनची काढ-घाल करायला लागले. त्यांच्या म्हणण्यावरून मी पाऊचचं तोंड तिरकं कापलं, पुढची कड खाली घेतली, म्हणजे बोटांच्या आधी तळवा पोचतो. इलॅस्टिक तोंडावरून काढून मध्ये, मॅगझिनच्या पोटाशी नेलं. तोंडात प्लॅस्टिकची पातळ पट्टी घातली, म्हणजे ते उघडं राहतं. तळाशी एक चुणी घेतली, तिच्यामुळे मॅगझिन एकाच बाजूने बसतं. हातात आलं की उलट-सुलट बघावं लागत नाही.

माझी लेक कॉलेजातून आली की मोबाइलवर वेळ मोजायची. "आजोबा, तीन सेकंद." "आजोबा, दोन पूर्णांक चार." सासऱ्यांना नाद लागला. ते पट्टा काढेनात. जेवताना मीठ मागितलं तरी त्यांचा हात आधी कमरेकडे जायचा. पाहुणे आले की माझे यजमान त्यांना पट्ट्यावर सदरा सोडायला सांगायचे.

सतरावा पाऊच शुक्रवारी तयार झाला. चौदाने तो बांधला, जमेल तेवढा धावला, जिन्यावरून उतरला, कापायच्या टेबलावर आडवा होऊन दोनदा लोळला. काही पडलं नाही. मग समोरच्या कॅलेंडरकडे नजर ठेवून त्याने हात खाली नेला. लेकीने घड्याळ थांबवलं.

"दीड," ती म्हणाली.

चौदा "हं" म्हणाला नाही. स्टुलावर बसला आणि लाकडाचं मॅगझिन हातात फिरवत राहिला.

"एक विचारू?" सासऱ्यांनी पंचा सोडत म्हटलं. "त्या चौदा सेकंदांतले माझे किती?"

मला वाटलं, आता तो एकही नाही म्हणेल. वडीलधाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? पण चौदा विचारात पडला. ओठ हलवत त्याने खरोखरच हिशोब केला.

"पहिलं बटण लगेच निघालं," तो म्हणाला. "दुसरं निघेना. पट्टा सोडायचा राहिलाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हात ऐकत नव्हता काका. भ्यालो होतो. आठ तुमचे धरा. सहा माझे."

"आठ," सासरे म्हणाले.

"आठ."

"बरं."

दुपारी ते पोटभर जेवले आणि माझ्या मशिनबद्दल तीन तक्रारी केल्या.

मंजुरीसाठी आम्हाला दलाच्या भांडारात बोलावलं. भांडार अधिकाऱ्यांनी पाऊच उलटा केला, सुलटा केला, आत डोकावून पाहिलं.

"झाकण कुठाय?"

चौदाने तेरा कारणं लिहून आणली होती. अधिकाऱ्यांनी ती फाइलला लावून घेतली आणि म्हणाले, "छान. झाकण कुठाय? नियमात पाऊचला झाकण आहे. झाकण नसेल तर कागदोपत्री हा पाऊचच होत नाही."

परतीच्या वाटेवर मी रडवेली झाले होते. सासरे म्हणाले, "त्यांना झाकण हवंय ना? देऊ की. बंद झालं पाहिजे असं कुठं म्हणाले ते?"

पुढच्या आठवड्यात अठरावा पाऊच घेऊन आम्ही परत गेलो. त्याला झाकण होतं. ते मागे दुमडून पाऊच आणि कमरेचा पट्टा यांच्यामधल्या फटीत सरकवता येत होतं, आणि एकदा सरकवलं की तिथे झाकण आहे याची कुणाला शंकाही येत नव्हती.

"हे बंद करता येतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी बंद करून दाखवलं.

"आणि उघडं असताना?"

"उघडं असतं," सासरे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलं, 'झाकण आहे.' मागे उभ्या असलेल्या चौदाला खोकला आला आणि तो बाहेर गेला.

चारशे पाऊच आम्ही तीन महिन्यांत दिले. चौदाला आता नव्या भरतीला शिकवायला ठेवलंय. पहिल्या तासाला तो पोरांना झाकण मागे सरकवायला लावतो आणि नंतर त्याचा विषयही काढत नाही.

पाचव्या महिन्यात सरावाच्या वेळी एका पोराचं मॅगझिन हरवलं. रीतसर चौकशी लागली आणि आम्हाला बोलावणं आलं. जबाबदारी दलाची की शिवणाऱ्याची, असा मुद्दा होता. मी बोलायला तोंड उघडलं तोच सासऱ्यांनी मला हाताने थांबवलं.

"माझी," ते म्हणाले. "नाव लिहून घ्या. मागच्या वेळी कुणी विचारायला आलंच नाही."

चौकशी करणाऱ्याला ते कळलं नाही, पण त्याने लिहून घेतलं.

मॅगझिन तिसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेच्या नाल्यात सापडलं. चौकशी अजून चालू आहे. सासरे प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून वेळेच्या आधी अर्धा तास जाऊन बसतात.