गल्ली झोपली होती

सिनेमावाले येणार म्हटल्यावर पोर्तुगालच्या अलेंतेजू प्रांतातल्या आमच्या गल्लीला जत्रेचं वेड लागलं. घरोघर नवा चुना लागला, भिंतींचे निळे पट्टे पुन्हा रंगले. फक्त इदालिनाच्या घरात सासू-सुनेची जुंपली होती.

“अहो आई, त्यांना खिडकी बंदच हवीय!” सून सेलेस्त वैतागली होती. “जुलैत दुपारी आपण रोज लावतोच की. तुमचं काय जातंय त्यात?”

“माझ्या खिडकीचा सिनेमा नको.” म्हातारीने कोथिंबिरीवरून मान वर केली नाही.

“सगळी गल्ली दिसणार आणि आपलंच घर नाही! लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील, या एका भीतीवर आमची गल्ली तीस वर्षं उभी होती.

सिनेमा होता डॉक्टर आन्सेल्मूंवर. हुकूमशाहीत कापणीच्या मजुरांना दिवसाला आठच तास काम असावं म्हणून ते चोरून पत्रकं वाटायचे. एकसष्टच्या जुलैत, दुपारी तीनला, गुप्त पोलिसांनी त्यांना आमच्या गल्लीत गोळ्या घातल्या. चौकशीत बाराही घरांनी एकच जबाब दिला: उन्हाची वेळ, खिडक्या लावलेल्या, आम्ही झोपलो होतो. साक्षीदारच नाही, तर खटला कसला! पुढे हुकूमशाही कोसळली, चौकात गाणी झाली, जबाब मात्र तोच राहिला. त्या बारा घरांत माझ्या आईचंही घर होतं.

डॉक्टरांची बायको फेलिस्मिना दर जुलैला, त्याच तारखेला, बाराही दारांशी जायची. तिला एकच विचारायचं असे, “शेवटी काही बोलले का हो ते?”

“झोपलो होतो, बाई.”

“बरं,” म्हणून ती पुढच्या दाराशी जायची. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

अखेर सेलेस्तनेच सासूच्या नकळत होकार देऊन टाकला. चित्रीकरणाच्या दिवशी गल्लीच्या टोकाला एका खुर्चीवर काळ्या कपड्यांतली फेलिस्मिना बसली होती. दिग्दर्शिका ग्रासा, तिशीतली पोरगी, ओरडली, “खिडक्या बंद! कुणी डोकावू नका!” इदालिना बंद खिडकीमागे उभी होती, फटीला डोळा लावून.

नट धावत आला. शर्ट लालभडक. अडखळत तो समोरच्या दाराशी पोचला आणि दोन्ही हातांनी ते वाजवू लागला.

धाडकन इदालिनाची खिडकी उघडली!

“ते दार नव्हे! ते दार नव्हे रे! त्यांनी माझं दार वाजवलं होतं!”

सगळे जागच्या जागी थिजले. सेलेस्तने तिचा दंड धरला. “आई, गप्प बसा! काय बोलताय हे? अंगाशी येईल!”

“तीस वर्षं गप्पच होते ना गं?” इदालिना रडतरडत दारात आली. “फेलिस्मिना, मी जागी होते. माझा ओरासिउ आठ महिन्यांचा, कडेवर. ते येताना दिसले आणि मी... मी खिडकी ओढून घेतली. कडी लावली. याच हातांनी. आणि त्याच पोराचा डांग्या खोकला त्यांनी बरा केला होता!”

फेलिस्मिना काठी टेकत आली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझ्या उंबऱ्यावरचं रक्त मीच धुतलं होतं ना.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“मी बोलून काय होणार होतं? पाहिलं होतं तुम्ही. हे बघ, गोळी तू घातली नाहीस. लेकरू कडेवर असताना कोणीही घाबरतं, मीही घाबरले असते. पण राजवट गेली, बंदुका गेल्या, तरी तुम्ही सगळे झोपलेलेच! मारणारे पेन्शन खात सुखात मेले. ते त्यांच्या बंदुकीमुळे नाही, इदालिना, तुमच्या झोपेमुळे.” ती एक पाऊल पुढे आली. “आता तरी सांग. काही बोलले का ते?”

इदालिनाने पदराचं टोक तोंडाशी न्यावं तशी गळ्यातली शाल ओठांवर दाबली.

“बोलले. मी कडी लावली, तर बाहेरून म्हणाले, ‘बाळाला खिडकीपासून लांब घे, इदालिना.’ मग नाही काही.”

फेलिस्मिना मटकन उंबऱ्यावर बसली. “हो,” ती म्हणाली, “त्यांचंच बोलणं आहे हे.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिला मोठ्याने रडताना ऐकलं. हे एवढं एक वाक्य आम्ही त्या बाईपासून लपवून ठेवलं होतं!

मग समोरची खिडकी उघडली. मग तिच्या शेजारची. माझ्या आईनेही उघडली.

ग्रासाने तो प्रसंग पुन्हा घेतला. “तेव्हा जशा बंद केल्या होत्यात, तशाच करा,” ती हळूच म्हणाली. नट धावत आला आणि एकामागून एक अकरा खिडक्या लागत गेल्या. बाराव्या खिडकीशी इदालिना उभी होती. तिचा हात कडीपर्यंत गेला आणि खाली आला. ग्रासाने तेही तसंच ठेवलं.

मंडळी, जुलमी राजे बंदुकीवर येतात, पण टिकतात ते आपण लावलेल्या खिडक्यांवर. भीती वाटली तर लाज नाही. पण भीती सरल्यावरही जो खरं बोलत नाही, तो मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा दाराबाहेर ठेवतो.

फेलिस्मिना त्याच हिवाळ्यात गेली. इदालिना आता भर जुलैतही दुपारी खिडकी लावत नाही.

“आई, घराची भट्टी झाली हो!” सेलेस्त कुरकुरते.

“होऊ दे,” म्हातारी म्हणते. “कोणी आलं तर?”