मर्व्हच्या नावाचं गवत

“आणखी एक बिस्किट घे की,” मर्व्ह त्या मुलीला पुन्हा म्हणाला. पर्थच्या विद्यापीठातून ती एवढ्या लांब गाडी हाकत आली होती, आणि कशाला आली ते तिला सांगवत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “मिस्टर ट्रेगेन्झा, तुमचं गवत ही वेगळी जात नाहीये. इथल्या किनाऱ्यावर स्पिनिफेक्स गवताच्या दोन जाती आहेत. एक लवदार, एक गुळगुळीत. त्यांचाच तो संकर. नाव रद्द होणार.”

मर्व्ह, माझा नवरा, कौन्सिलचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा. वाळूच्या टेकड्यांतून रस्ता काढताना त्याला ते अर्धवट लवेचं गवत दिसलं आणि तज्ज्ञांनी त्या गवताला मर्व्हचंच नाव दिलं. कौन्सिलने किनाऱ्यावर त्या नावाची पाटी लावली. तेव्हापासून बारमध्ये सगळे त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. चेष्टाच ती; पण तो मान खाली घालून हसायचा, आणि नाताळच्या प्रत्येक कार्डात त्या गवताचं पातं घालायचा.

त्या दुपारी त्याचे कान लालबुंद झाले होते. तो जाऊनही आता किती वर्षं झाली, पण ते कान अजून डोळ्यांपुढे येतात.

“चूक आमच्या लोकांची आहे, तुमची नाही,” ती म्हणाली.

“पण वेगळं दिसतंय, असं मीच म्हणालो ना? तुझं पेट्रोलही फुकट गेलं, पोरी.”

ती गेल्यावर त्याने बिस्किटांची बशी उचलली.

“डोरीन, कार्डं कुणाकुणाला पाठवली गं आपण?”

“कुणाच्या लक्षात असणारे?”

“माझ्या आहे.”

ती मुलगी रात्री बारच्या वरच्या खोलीत उतरली होती, त्यामुळे सकाळपर्यंत गावभर झालं. आम्ही पाटी काढायला निघालो, तर बारमधला केव्ह धक्क्यावर शेवंडं धरायचे पिंजरे रचत होता.

“काय प्रोफेसर, तुझं गवत गल्लीतल्या कुत्र्यासारखं मिश्र रक्ताचं निघालं म्हणे?”

मर्व्ह थांबला. “हो रे. आईबाप मात्र दोघंही इथलेच.”

केव्ह परत पिंजऱ्यांकडे वळला.

पाटी उपटून मर्व्हने ती नावाची बाजू खाली करून गाडीत ठेवली. खड्ड्यात कुणाचा पाय मुरगळेल म्हणून गुडघे टेकून वाळू लोटली. मग जवळच पसरलेल्या त्याच गवताचा एक लांब फुटवा ओढून आणला आणि तिथे दाबून बसवला.

माझ्याकडे त्याने पाण्याची बाटली मागितली. प्यायला हवी असेल असं मला वाटलं. त्याने ती सगळी त्या वाळूत रिकामी केली.